पाच कागद आणि मोठीआईचा चेहरा

"माहा फोटो मी जित्तेपणीच पाहून घेईन," मोठीआई म्हणाली. "मेल्यावर तुम्ही भिंतीवर काय टांगसान, मले का मालूम?"

रविवारी दुपारी, जेवता जेवता ती हे बोलली. मोठीआई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. ती आंजी गावात एकटीच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिला दवाखान्यात भरती करायचं होतं आणि मंगळवारी तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, म्हणून ती आदल्या दिवशीच नालवाडीला आमच्याकडे येऊन राहिली होती. आईच्या हातातला वरणाचा चमचा तसाच राहिला. बाबा ताटात बघू लागले. आमच्या घरात कोणी काही अवघड बोललं की बाबा ताटात बघतात. मीही तेच करते.

"बाई, असं काय बोलता," आई म्हणाली. "चांगल्या होऊन याल."

"येईन तं येईन. नाई आली तं?" मग ती माझ्याकडे वळली. "तुह्याजवळ मशीन हाये ना फोटोची? अन् छापाची पन हाये. उद्या जायच्या आधी मले कागदावर पायजे. मोठा. भिंतीवरचा."

"हो," मी म्हणाले.

"हो म्हनते. बोलतच नाई ही पोट्टी. कॉन्व्हेंटात बोलाचे पैसे लागत होते का वं?"

माझ्याकडे कॅमेरा होता हे खरं. एका कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते. पगारातून साठवून मागच्या वर्षी तो जुना, वापरलेला घेतला. मला माणसांशी बोलायला जमत नाही, पण माणसं बघायला आवडतात. कॅमेरा डोळ्याला लावला की लग्नात, विहारातल्या कार्यक्रमात कोणी मला काही विचारत नाही, उलट सगळे माझ्यासमोर सरळ उभे राहतात. घरातला शाईच्या टाक्यांचा प्रिंटर मात्र बाबांचा. ते ऑफिसचे अर्ज त्यावर छापायचे. मी त्यावर पोस्टकार्डाएवढे चारदोन फोटो छापले होते, बस्स.

मोठीआईला फोटो का पाहिजे होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते तिने तोंडाने पहिल्यांदाच सांगितलं.

मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, वारले तेव्हा मी अगदी लहान होते. त्यांचा एकच फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. मृत्यूनंतरच्या जलदान विधीला समोर ठेवायला फोटो पाहिजे म्हणून कोणीतरी तो स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने चेहरा कापला आणि एका कोटावर बसवला. निळा कोट, लाल टाय, मागे गुलाबी पडदा. मोठेबाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. वर त्याने चेहरा गोरा केला, इतका गोरा की बैलाचं शिंग लागून कपाळावर पडलेली खोकसुद्धा पुसली गेली. लोक म्हणाले, काय छान आला फोटो. आंजीच्या घरात तो अजून आहे.

"वीस वर्सं झाले," मोठीआई म्हणाली, "रोज सकाळी त्याच्यापुढं फूल ठेवून राह्यली. अन् रोज वाटते, हा कोन मानूस हाये? माह्या मानसाचं तोंड मले आता आठवतच नाई. त्या कोटवाल्यानं खाऊन टाकलं."

बाबांनी ताटातच हात धुतले.

चार वाजता मी तिला मागच्या वरांड्यात बसवलं. मे महिना होता, पण तिथे सावली असते आणि पांढऱ्या भिंतीवरून आलेला उजेड चेहऱ्यावर नीट पसरतो. विहारात जायचं, निळ्या काठाचं पांढरं लुगडं ती नेसून आली होती. कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण. ओठ सुकलेले.

"हासू का नको?" तिने विचारलं.

"तुला वाटेल तसं."

"मले वाटते तसं तं रडू येते. काढ आता."

रेशन दुकानदार मापात मारतो की काय, हे बघताना ती जशी बघते, तशीच तिने लेन्समध्ये बघितलं. मी अकरा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिने स्वतःच त्यातला एक निवडला.

आई चहा घेऊन आली. "झाला ना फोटो? मग आता कागदावर कशाला? मोबाइलमध्ये राहू दे की." थोड्या वेळाने पुन्हा आली. "शाई महाग असते ना गं ती?" आणि आणखी थोड्या वेळाने, "बाईंना जरा पडू दे, दगदग होते." जिवंत माणसाचा भिंतीवरचा फोटो करणं आईला अशुभ वाटत होतं. पण आम्ही बौद्ध. बाबा विहारात शुभ-अशुभाच्या खुळावर भाषणं देतात, त्यामुळे तो शब्द आमच्या घरात उच्चारता येत नाही. म्हणून आई दुसरी कारणं शोधत होती, आणि ती संपत चालली होती.

जाड, चकचकीत फोटोचे कागद माझ्याकडे पाच होते. रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं. सोमवारी ते दहाला उघडतं आणि आम्हाला आठला दवाखान्यात पोचायचं होतं. म्हणजे पाचच.

"होईल," मी म्हणाले. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

प्रिंटर समोरच्या खोलीत होता. तिथेच कूलर, तिथेच पडदे ओढून केलेला अंधार. लॅपटॉपवर फोटो सुंदर दिसत होता. पहिला कागद बाहेर आला तेव्हा मात्र त्यात डोळे कुठे आहेत तेच कळेना. कपाळ, गाल, गोंदण, सगळं एका काळ्या डागात बुडालं होतं.

मोठीआईने तो हातात घेतला. "हे तं तवा हाये. मी काळी हाव बाई, पन इतली नाई."

सगळे हसले, आईसुद्धा. मीही हसले. पण चारच कागद उरले होते.

दुसऱ्या वेळी मी फोटो उजळ केला. उजेड कमीजास्त करायची एक पट्टी असते, ती उजवीकडे सरकवली. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप सुधारण्याची एक खूण होती, तीही राहू दिली. या वेळी जे बाहेर आलं ते पाहून बाबा "वा!" म्हणाले. गव्हाळ रंग, सुरकुत्या मऊ, लुगडं दुधासारखं. दुपारपासून फोटो टाळणाऱ्या आईने तो कागद हातात घेतला. "बाई, किती छान दिसता हो."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप आनंद झाला.

मोठीआईने चष्मा लावला आणि कागद घेऊन दारापाशी उजेडात गेली. बराच वेळ तिची पाठच दिसत होती.

"हे कोन हाये?" ती म्हणाली.

"मोठीआई, ते प्रिंटर आपोआप..."

"तूही कोट घातला मले."

ती रागावून बोलली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. बाबा म्हणाले, "वहिनी, तिने काही मुद्दाम नाही केलं." आणि मी गप्प राहिले, कारण प्रिंटरने थोडं केलं होतं, बाकीचं मी. अंधार घालवायला पट्टी जेवढी सरकवायला हवी होती, त्याच्या बरंच पुढे माझं बोट गेलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. माझा रंग मोठीआईसारखाच आहे. माझ्या फोनमधल्या माझ्या प्रत्येक फोटोत ती पट्टी उजवीकडे सरकवलेली आहे. बोटाला सवय होती. स्टुडिओवाल्याची गोष्ट मी दुपारी मान खाली घालून ऐकली होती, आणि मनात म्हणत होते, कसले अडाणी लोक.

"आणखी एकदा करते," मी म्हणाले. "पण तू माझ्याजवळ बस."

ती स्टूल घेऊन बसली. फसलेल्या दोन्ही कागदांच्या कडेला दोन-तीन बोटं पांढरी जागा होती. तिथे फक्त तिच्या गालाचा तुकडा छापून बघायचा, असं मी ठरवलं. लॅपटॉपचा पडदा मी इतके दिवस पूर्ण उजळ ठेवून बघत होते, म्हणून सगळं फसवं दिसत होतं. तो निम्म्यावर आणला. आपोआप सुधारण्याची खूण काढली. प्रत्येक तुकडा छापला की आम्ही दोघी मागच्या दारात जायचो, कारण ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही, आणि ती आपला हात त्या तुकड्याशेजारी ठेवायची.

"आनखी काळी कर."

मी आत जाऊन केलं.

"आता लाल झाली. मार खाल्ल्यावानी."

मी लाल कमी केला.

"हे ठीक हाये. नाई, थांब. हात उन्हात जास्त जातो ना, तोंड एवढं नाई. मनगटाच्या आतून पाह्य."

तिने मनगट उलटं केलं. मी इतक्या जवळून तिचा हात कधी बघितला नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी विळ्याची जुनी खूण होती. माझा हात शेजारी आला, तोच रंग, फक्त कमी वापरलेला. मी तो मागे घेतला.

"त्यायचा रंग माह्याहून उजळ होता," ती अचानक म्हणाली. "थोडासाच. भाजलेल्या शेंगावानी. अन् कपाळावर खोक. डाव्या अंगाले." ती थांबली. हात हवेत नेऊन तिने समोर कोणीतरी उभं असल्यासारखं कपाळ चाचपलं. "नाई. उजव्या." पुन्हा थांबली. "भाऊजी, तुमच्या भावाची खोक कोन्या बाजूनं होती?"

"उजव्या असावी," बाबा आतून म्हणाले.

"असावी," मोठीआई म्हणाली. "सख्खा भाऊ हाये, अन् म्हनते असावी."

त्यानंतर ती रंगाशिवाय काही बोलली नाही. पाचव्या तुकड्याला तिने होकाराची मान हलवली. उजेड जात आला होता. मी तिसरा कागद लावला आणि फोटो पूर्ण छापला.

तो बरोबर आला. मनगटाच्या आतल्या बाजूसारखा बरोबर. गोंदण हिरवट काळं, डोळ्यांखालच्या घड्या जशाच्या तशा. मोठीआई संडासला गेली होती. ती आल्यावर दाखवू म्हणून मी तो टेबलावर वाळत ठेवला आणि तोंड धुवायला गेले.

मदत करावी म्हणून बाबांनी तो उचलून कूलरपुढे धरला.

उन्हाळ्यात आमच्या घरात सगळं कूलरपुढे वाळवायची सवय आहे. केस, रुमाल, बाबांचे मोजे. पण कूलरची हवा ओली असते, तिला वारा असतो म्हणून आपल्याला ती कोरडी वाटते. मी आले तेव्हा गालावर थेंबांचे पांढरे ठिपके पडले होते आणि लुगड्याचा निळा काठ हनुवटीत उतरला होता. बाबा तो कागद दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"मला वाटलं लवकर..."

"असू द्या बाबा," मी म्हणाले.

मी लगेच चौथा कागद लावला. थांबायला हवं होतं, पण मोठीआईची पावलं ऐकू येत होती आणि तिला रिकाम्या हाताने भेटायचं नव्हतं. पाकीट दुपारपासून उघडंच होतं. कूलरची ओली हवा पिऊन कागदाच्या कडा वर उचलल्या होत्या. माझ्या ते लक्षात आलं, तरी मी तो घातला. आतून खर्र आवाज आला. कागद बाहेर आला तेव्हा मोठीआईच्या कपाळावरून काळा ओरखडा गेला होता, या कानापासून त्या कानापर्यंत.

दारात उभी राहून मोठीआईने दोन्ही कागद बघितले.

"आता?"

"एक उरला आहे," मी म्हणाले, आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बाहेर कूलरचा आवाज बंद झाला. कूलर आईने बंद केला होता. मी बाहेर आले तेव्हा ती उरलेला कागद ट्यूबलाइटखाली धरून त्याच्या कडा बघत होती.

"कूलरपुढे पापडसुद्धा वाळत नाही," ती बाबांना सांगत होती. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला विचारतंय कोण?" मग माझ्याकडे वळून, "वर्तमानपत्रात घालून गादीखाली ठेवते मागच्या खोलीत. तिथे हवा कोरडी आहे. सकाळी सरळ होईल. आणि रात्री कूलर लागणार नाही, आधीच सांगते."

"गरमीनं मरून जाऊ ना आपन," मोठीआई म्हणाली.

"बाई, तुम्हालाच पाहिजे ना फोटो?"

दुपारपासून आईने पहिल्यांदाच तिला उलट उत्तर दिलं होतं. मोठीआई हसली. त्या रात्री नालवाडीत बहुतेक आमच्याच घरी कूलर बंद होता.

सकाळी सव्वासातला आईने गादी उचलली. कागद सपाट झाला होता. बाबांच्या ऑफिसमधले एक जण गाडी घेऊन येणार होते, साडेसातला. मी सगळे आकडे आदल्या संध्याकाळच्या पाचव्या तुकड्याप्रमाणे आहेत का ते तीनदा तपासलं. कागदाची चकचकीत बाजू वर की खाली, एवढी साधी गोष्ट मी चारदा बघितली. मग बटण दाबलं.

उत्तम दर्जाची छपाई हळू होते. प्रिंटरचं डोकं इकडून तिकडे जातं आणि कागद केसभर पुढे सरकतो. आधी नुसती भिंत आली. मग पदर, मग केसांचा भांग. खोली तापलेली होती, मी हाताचा घाम कुर्त्याला पुसत होते. मोठीआई खुर्चीवर बसली होती, मांडीवर पिशवी, अंगावर तेच लुगडं. आई तिच्या मागे उभी होती.

बाहेर हॉर्न वाजला.

"वहिनी," बाबा म्हणाले, "निघायला पाहिजे."

"डॉक्टर पळून नाई चालला."

कपाळ आलं. गोंदण आलं. ट्यूबलाइट एकदा मिटली आणि परत लागली. प्रिंटर थबकला. माझा हात आपोआप त्याच्यावर गेला, लहान मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि काही न करता तिथेच राहिला. लाइन गेली नव्हती, फक्त दबली होती. डोकं पुन्हा सरकायला लागलं. डोळे आले.

पुन्हा हॉर्न. बाबा बाहेर जाऊन काहीतरी सांगून आले. ओठ. हनुवटी. लुगड्याचा काठ. कागद सुटला.

कडा धरून मी तो उचलला आणि मागच्या दारात गेले. मोठीआई पिशवी खुर्चीवर ठेवून आली. चष्मा तिने आधीच लावला होता. तिने मनगट उलटं करून फोटोशेजारी धरलं, कागदाला न लावता.

"ओठ सुकेल दिसते," ती म्हणाली.

"सुकलेच होते."

"मंग बराबर हाये."

तिने आणखी एकदा बघितलं, खाली वाकून, जवळून. मग आईला म्हणाली, "घे. मले काई झालं तं हाच लावजो. कोनी दुसरा करून आनला तं फेकून देजो, कोनी का असंना."

आई या वेळी "असं बोलू नका" म्हणाली नाही. तिने पदराला हात पुसले आणि फोटो माझ्यासारखाच कडांनी धरला. "मी सांभाळते," ती म्हणाली. "या तुम्ही."

ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्याने मोठीआई आंजीला परत गेली, आणि जाताना आईकडून फोटो मागून घेऊन गेली. तो भिंतीवर नाही. या शाईचा रंग उजेडाने उडतो आणि किती वर्षांनी ते मलाही नीट माहीत नाही, हे मी तिला खरं ते सांगितलं होतं. म्हणून तिने तो पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवला आहे. मधूनमधून ती काढून बघते आणि मग आम्हाला फोन करते. आईशी पिकापाण्याचं, औषधांचं बोलून झालं की फोन माझ्याकडे येतो.

"आज पाह्यला," ती सांगते. "अजून काळीच हाव मी."